रात्री लघवीला उठणे: प्रोस्टेटचे दुखणे की रक्तवाहिन्यांचे?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यात राहणारे, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले 66 वर्षांचे हे वाचक लिहितात की गेली दोन-अडीच वर्षे त्यांना रात्री तीन-चार वेळा लघवीसाठी उठावे लागते. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी वाढून 45 ग्रॅमची झाल्याचे दिसले. लघवी झाल्यावर मूत्राशयात फारशी शिल्लक राहत नाही आणि पीएसएची तपासणीही (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहणारी रक्ततपासणी) ठीक आली. आठ महिन्यांपासून टॅम्सुलोसिनची गोळी चालू आहे. तिने दिवसा धार सुधारली, ताटकळणे कमी झाले, पण रात्रीचे उठणे जसेच्या तसे राहिले. रक्तदाबासाठी बारा वर्षांपासून अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यांवर वळ दिसतात आणि घोरण्याला कंटाळून पत्नी दुसऱ्या खोलीत झोपते, हे त्यांनी जाता जाता लिहिले आहे. मध्यंतरी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश आला. रात्री लघवीला उठावे लागणे हा मूत्राशयाचा दोष नसून हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्याची खूण आहे, म्हणून झोपताना आणि मध्यरात्री उठल्यावर पाणी प्यावे, नाहीतर पहाटे झटका येतो, असे त्यात म्हटले होते. तेव्हापासून मुलगा अँजिओग्राफीचा आग्रह धरतो, थोरले बंधू प्रोस्टेटचे ऑपरेशन उरकून घ्या म्हणतात, आणि स्वतः वाचकांनी रात्रीच्या खेपा कमी व्हाव्यात म्हणून दुपारी चारनंतर पाणी पिणेच सोडले आहे. हे नक्की प्रोस्टेटचे दुखणे आहे की रक्तवाहिन्यांचे, गोळी चालू ठेवावी की बंद करावी, आणि पुढच्या महिन्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असताना यातले काय आधी करावे, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझे लक्ष त्याच दोन ओळींवर थांबले, ज्या तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत: मोज्यांचे वळ आणि घोरणे. पत्रावरून कोणाचे निदान करता येत नाही आणि तसे करूही नये. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर कोणती माहिती पुढे ठेवायची आणि कोणते प्रश्न विचारायचे, हे या दोन ओळींवरून नक्की ठरवता येते.

आधी तुमच्या प्रश्नाच्या मांडणीबद्दल बोलतो. प्रोस्टेट की रक्तवाहिन्या, असे विचारताना तुम्ही गृहीत धरले आहे की दोषी एकच आहे आणि तो सापडला की दुसरा आपोआप सुटतो. तुमच्या वयात असे क्वचितच घडते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांच्या आणि पंचाऐंशीपर्यंत सुमारे 90 टक्के पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये ही साधी, कॅन्सर नसलेली वाढ दिसते. म्हणजे 66 वर्षांच्या कोणत्याही पुरुषाची सोनोग्राफी केली तरी ग्रंथी वाढलेली आढळण्याची शक्यता मोठी आहे, मग तो रात्री उठत असो वा गाढ झोपत असो. ग्रंथीचा आकार आणि त्रासाची तीव्रता यांचा मेळही बसत नाही: 30 ग्रॅमच्या ग्रंथीने हैराण झालेले पुरुष असतात आणि 80 ग्रॅमची ग्रंथी घेऊन निवांत जगणारेही असतात. आणखी एक गोष्ट पाहा. साठी-सत्तरीच्या स्त्रियाही रात्री जवळजवळ पुरुषांइतक्याच वेळा लघवीला उठतात, आणि त्यांना प्रोस्टेट नसते. सोनोग्राफीत प्रोस्टेट मोठी दिसली म्हणून रात्रीचा सगळा दोष तिच्यावर टाकणे त्यामुळेच घाईचे ठरते.

तुमच्या बाबतीत तर गोळीनेच अर्धे उत्तर दिले आहे. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या मुखापाशी असलेले स्नायू सैल करते. त्यामुळे अडथळा कमी होतो, धार मोकळी होते, ताटकळणे थांबते. हे सगळे तुमच्या बाबतीत झाले. अडथळा दूर होऊनही रात्रीचे उठणे तसेच राहिले, याचा सरळ अर्थ असा की रात्रीच्या त्रासाचे मूळ, निदान काही अंशी, अडथळ्यात नाही. प्रोस्टेटच्या त्रासाचे मोजमाप करण्यासाठी सात प्रश्नांची जी गुणपत्रिका जगभर वापरतात, तिच्यातला शेवटचा प्रश्न रात्रीच्या उठण्याचा आहे. औषधांनी आणि शस्त्रक्रियेनेही सर्वांत कमी सुधारणारे लक्षण तेच असते, हा मूत्रविकारतज्ज्ञांचा नेहमीचा अनुभव आहे.

मग मूळ कुठे आहे? कोणत्याही औषधापूर्वी एक अगदी साधे काम करावे लागेल, आणि आपल्याकडे ते फार कमी रुग्णांकडून करून घेतले जाते याचे मला वाईट वाटते. स्वयंपाकघरातले मापाचे भांडे किंवा दुकानातून आणलेला मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग लघवीसाठी वेगळा ठेवा. लागोपाठ तीन दिवस आणि रात्री प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसह वहीत लिहा. काय प्यायलात, किती प्यायलात, केव्हा झोपलात, केव्हा उठलात, हेही लिहा. झोपण्याआधीची शेवटची लघवी दिवसाच्या खात्यात धरायची. रात्रीच्या सगळ्या आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मात्र रात्रीच्या खात्यात जाते, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा हिशेब जड जाणार नाही.

आता आकडे कसे वाचायचे ते सांगतो. समजा चोवीस तासांत एकूण 1800 मिलिलिटर लघवी झाली आणि त्यातली 800 रात्रीच्या खात्यात आली. म्हणजे सुमारे 44 टक्के. पासष्टीनंतर रात्रीचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक असेल तर मूत्रपिंडे रात्री जास्त लघवी तयार करत आहेत असे मानतात. अशा माणसाचे मूत्राशय आणि प्रोस्टेट उत्तम असले तरी त्याला उठावेच लागेल, कारण टाकीत पाणी येतच राहिले तर ती भरणारच, नळ कितीही नवा बसवला तरी. याउलट रात्रीचा एकूण वाटा बेताचा असेल, पण प्रत्येक खेपेला जेमतेम 80-100 मिलिलिटरच होत असेल, तर मूत्राशय पुरेसे साठवत नाही किंवा लवकर आकसते, आणि तिथे प्रोस्टेटचा विचार पुन्हा पुढे येतो. तिसरी शक्यता अशी की चोवीस तासांचीच लघवी फार आहे, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे 40 मिलिलिटरहून जास्त. सत्तर किलोच्या माणसासाठी ही मर्यादा 2800 मिलिलिटर होते. तसे असेल तर साखर तपासावी आणि पाण्याचे प्रमाण पाहावे. अनेकांच्या वहीत दोन कारणे एकत्र सापडतात, आणि म्हणूनच एकच दोषी शोधण्याचा हट्ट नको असे मी म्हणतो.

माझा अंदाज असा की तुमच्या वहीत रात्रीचा वाटा मोठा निघेल, आणि इथे मोज्यांचे वळ महत्त्वाचे ठरतात. दिवसभर उभे राहिल्याने आणि खुर्चीत बसल्याने पायांच्या शिरांतला दाब वाढतो आणि पाण्याचा अंश झिरपून घोट्यांभोवती साठतो. रात्री आडवे झाल्यावर हेच पाणी हळूहळू रक्तात परत येते आणि हृदयाकडे जाणारे रक्त वाढते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या गेल्या की त्यांतून एक संप्रेरक स्रवते आणि ते मूत्रपिंडांना मीठ व पाणी बाहेर टाकायला सांगते. त्यातच तरुणपणी रात्री लघवी आवरून धरणारे मेंदूतले संप्रेरक वयानुसार रात्री कमी पडू लागलेले असते. परिणामी दिवसभर पायांत साठलेले पाणी मध्यरात्री मूत्राशयात उतरते. पायांना सूज का येते याची कारणे अनेक आहेत. शिरांच्या झडपा निकामी होणे, हृदयाचा पंप अशक्त होणे, मूत्रपिंडाचे वा यकृताचे आजार ही त्यांतली काही, आणि तुम्ही घेत असलेली अ‍ॅम्लोडिपिनची गोळी हेही एक. हे औषध सूक्ष्म धमन्या रुंद करते, पण त्या प्रमाणात नीला रुंद होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपते. औषध वाईट आहे असा याचा अर्थ नाही, आणि ते मनाने बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांना सूज दाखवा आणि मात्रा कमी करता येईल का, सोबत दुसरे औषध देता येईल का किंवा औषध बदलता येईल का, हे विचारा. काही रुग्णांच्या रात्रीच्या खेपा केवळ एवढ्याने कमी होतात.

रक्तदाबाचा आणि रात्रीच्या लघवीचा संबंध औषधापुरताच नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत 10 ते 20 टक्के उतरतो. काहींचा उतरत नाही, विशेषतः मीठ जास्त खाणाऱ्यांचा, मधुमेहींचा आणि ज्यांच्या मूत्रपिंडांना दिवसभरात मीठ बाहेर टाकणे जमत नाही अशांचा. मग मूत्रपिंडे ते राहिलेले काम रात्री चढ्या दाबाच्या आधाराने उरकतात, आणि मिठाबरोबर पाणी जाते. म्हणजे दिवसा दवाखान्यात मोजलेला रक्तदाब ठीक असूनही रात्रीचा चढलेला असू शकतो. चोवीस तास दंडावर पट्टा बांधून रक्तदाब नोंदवण्याची तपासणी आता मोठ्या शहरांत सहज होते, आणि तुमच्यासाठी ती अँजिओग्राफीपेक्षा कितीतरी उपयुक्त ठरेल असे मला वाटते. मिठाबद्दल जपानमधल्या नागासाकी विद्यापीठातल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी 2017 साली एक निरीक्षण मांडले. मीठ जास्त खाणाऱ्या आणि झोपमोड होणाऱ्या तीनशेहून अधिक लोकांना त्यांनी मीठ कमी करायला सांगितले. त्यांपैकी 223 जणांना ते जमले आणि त्यांचे सरासरी रोजचे मीठ 10.7 ग्रॅमवरून 8 ग्रॅमवर आले. त्यांचे रात्रीचे उठणे सरासरी 2.3 वेळांवरून 1.4 वेळांवर आले. ज्यांचे मीठ उलट वाढले त्यांचे उठणेही वाढले. लोकांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली ही चाचणी नव्हती, म्हणून तिच्यावर फार मोठा इमला उभारू नये. पण या उपायाला पैसे पडत नाहीत आणि रक्तदाबालाही तो हवाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रोज 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभर मिठाची आहे. आपल्या घरांत भाजी-आमटीपलीकडे लोणचे, पापड, सांडगी मिरची, ठेचा, चहाबरोबरचे फरसाण, जेवणानंतरचे मीठ घातलेले ताक यांतून किती मीठ पोटात जाते, ते एकदा घरच्यांसोबत बसून मोजा. सुरुवात रात्रीच्या पानापासून करा.

घोरण्याविषयी मात्र मला आग्रहाने लिहायचे आहे. नुसते घोरणे ही तक्रार नव्हे. पण घोरता घोरता आवाज थांबतो, काही क्षण श्वास अडतो, मग दचकून मोठा श्वास घेतला जातो, असे तुमच्या पत्नीने पाहिले आहे का, हे त्यांना विचारा. असे होत असेल तर झोपेत घशाचा मार्ग वारंवार बंद पडतो आहे. बंद घशातून हवा ओढण्याच्या प्रयत्नात छातीच्या पिंजऱ्यात ओढ निर्माण होते, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, आणि तेच संप्रेरक स्रवून लघवी वाढते, ज्याचा उल्लेख मी वर केला. शिवाय श्वास अडल्यामुळे झोप मोडते, आणि जागा झालेला माणूस समजतो की आपल्याला लघवीनेच उठवले. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्याने रक्तदाब आटोक्यात येत नाही, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. झोपेची तपासणी करून निदान झाले आणि रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारे यंत्र वापरले, तर अनेकांचे लघवीला उठणे लक्षणीय कमी होते. दिवसा डुलक्या येत असतील, सकाळी डोके जड असेल, मान जाड असेल, तर ही तपासणी पुढे ढकलू नका.

आता त्या संदेशाकडे येतो. रात्री लघवीला उठणे ही हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमन्या तुंबल्याची खूण आहे, हे विधान चुकीचे आहे. धमनीतल्या चरबीच्या थराने रात्री लघवी वाढत नाही. पण संदेश लोकांना पटतो, कारण त्याच्या आसपास खऱ्या गोष्टी आहेत. हृदय अशक्त झाले की पायांना सूज येते आणि रात्री लघवी वाढते, हे खरे. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात सकाळच्या तासांत अधिक येतात, हेही खरे. त्यामागे उठताना वाढणारा रक्तदाब, वेगाने पडणारे ठोके आणि रक्तातल्या बिंबाणूंची (प्लेटलेट्सची) चिकटण्याची वाढलेली प्रवृत्ती ही कारणे आहेत, आणि झोपताना प्यायलेले ग्लासभर पाणी त्यांना आवर घालते याला पुरावा नाही. अँजिओग्राफी ही हृदयाच्या धमन्यांत रंगद्रव्य सोडून करायची तपासणी आहे. केवळ रात्री उठावे लागते म्हणून ती करू नये, हे मुलाला शांतपणे समजावून सांगा. त्याऐवजी डॉक्टरांना काही गोष्टी स्पष्ट सांगा. जिना चढताना छातीत दाब येतो का, उताणे झोपल्यावर दम लागून दोन उशा घ्याव्या लागतात का, रात्री श्वास कोंडून उठून बसावे लागते का, चालताना पोटऱ्या दुखून थांबावे लागते का? यांपैकी काही असेल तर ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी आणि पायांच्या धमन्यांची तपासणी आधी करायला हवी, आणि पुढचे काय ते त्यांवरून ठरेल.

प्रोस्टेट आणि रक्तवाहिन्या यांचा संबंध नाहीच, असे मात्र मी म्हणणार नाही. पोटाचा वाढलेला घेर, मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान या गोष्टी ज्या पुरुषांत असतात त्यांना लघवीच्या तक्रारीही अधिक असतात, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. धमन्यांच्या भिंतीत आणि प्रोस्टेटमध्ये एकाच जातीचे स्नायू असतात आणि एकाच प्रकारच्या मज्जासंदेशांनी ते आवळले जातात. प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन ही तुमच्या टॅम्सुलोसिनची थोरली भावंडे मूळची रक्तदाबाची औषधे होती आणि नंतर प्रोस्टेटसाठी वापरात आली. टॅडालाफिल हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध लैंगिक दुर्बलतेसाठी आले आणि 2011 साली अमेरिकेत प्रोस्टेटच्या तक्रारींसाठीही मान्य झाले. छातीतल्या दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांनी किंवा कोणतेही नायट्रेट घेणाऱ्यांनी मात्र ते कधीही घेऊ नये, कारण रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. कटिभागातल्या ज्या धमन्यांतून मूत्राशयाला आणि प्रोस्टेटला रक्त मिळते त्या अरुंद केल्यावर मूत्राशय चिडचिडे होते आणि त्याच्या भिंतीत ताठरपणा येतो, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. माणसांत हे सरळ कार्यकारण म्हणून सिद्ध झालेले नाही, पण शक्यता वाजवी आहे. आणि एक खासगी प्रश्न, जो बहुतेक पुरुष डॉक्टरांपासून लपवतात: ताठरता कमी झाली आहे का? लिंगातल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, तर हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या असतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार आधी तिथे जाणवतो आणि हृदयाची तक्रार काही वर्षांनी येते. रक्तवाहिन्यांच्या तब्येतीची खूणच हवी असेल, तर रात्रीच्या लघवीपेक्षा ही अधिक भरवशाची आहे. संकोच न करता ती सांगावी.

एक इशारा इथेच देतो. प्रोस्टेटची गोळी चालू आहे म्हणजे रक्तदाबाचीही काळजी घेतली जात आहे, असा समज काहींचा असतो. अमेरिकेतल्या एका फार मोठ्या चाचणीत डॉक्साझोसिन घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण साध्या मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळीच्या तुलनेत दुप्पट आढळल्याने 2000 साली चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला होता. प्रोस्टेटचे औषध प्रोस्टेटसाठी आणि रक्तदाबाचे रक्तदाबासाठी, हा भेद ठेवावा.

थोरल्या बंधूंचा सल्ला काळजीपोटी आला आहे, पण तुम्ही लिहिले आहे त्यावरून ऑपरेशनची घाई करण्याचे कारण मला दिसत नाही. लघवी पूर्ण अडणे, वारंवार जंतुसंसर्ग, मूत्राशयात खडे, मूत्रपिंडांवर ताण, न थांबणारा रक्तस्राव किंवा औषधांनंतरही असह्य अडथळा ही ऑपरेशनची कारणे आहेत. तुमची धार सुधारली आहे आणि लघवी मागे राहत नाही. ऑपरेशन करूनही रात्रीचे तीन-चार वेळा उठणे तसेच राहिले तर होणारी निराशा फार मोठी असते, ती टाळता आली तर टाळावी. ही वाढ पुढे कॅन्सरमध्ये बदलत नाही. दोन्ही आजार एकाच ग्रंथीत असू शकतात, म्हणून पीएसए डॉक्टर सांगतील तसे तपासत राहा. पुढे कधी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हे प्रोस्टेट लहान करणारे औषध सुरू झाले तर पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो, हे तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना सांगा.

दुपारी चारनंतर पाणी बंद करणे हे मला अजिबात पसंत नाही, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात. दाट लघवीने मूत्राशय आणखी चिडते, बद्धकोष्ठता वाढते, खड्यांना निमित्त मिळते, आणि रक्तदाबाच्या औषधांवर असलेल्या माणसाला उठताना चक्कर येऊ शकते. पाणी कमी करायचे नाही, त्याची वेळ बदलायची आहे. दिवसाचे बहुतेक पाणी संध्याकाळी सहापर्यंत प्यावे, जेवण साडेसात-आठला उरकावे आणि झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत तहान भागेल एवढेच प्यावे. रात्रीची पातळ आमटी, सार, ताक, कलिंगड हेही पाणीच आहे. दुपारी चारनंतरचा चहा बंद करून पाहा. मध्यरात्री उठल्यावर तांब्यातले पाणी पिण्याची सवय त्या संदेशाने लावली असेल तर सोडा. पहाटे तांब्याभर पाणी पिणाऱ्यांनी ते पूर्ण जाग आल्यावर, झोप संपल्यावर प्यावे, चार वाजता उठून पुन्हा झोपायचे असेल तेव्हा नव्हे. दुपारच्या उत्तरार्धात तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडा, म्हणजे पायांतले पाणी झोपेआधीच बाहेर पडेल. संध्याकाळी अर्धा तास चालण्याचाही हाच फायदा आहे. पायांवर दाब देणारे लांब मोजे उपयोगी पडतात, पण पायांच्या धमन्या अरुंद असतील तर तेच घातक ठरतात, म्हणून आधी डॉक्टरांकडून पायांच्या नाड्या तपासून घ्या.

इतर वाचकांसाठी थोडे. मूत्रल गोळी संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी किंवा झोपेच्या सहा तास आधी घेता येईल का, हे विचारा. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळे लघवी वाढते. त्या हृदयाला व मूत्रपिंडांना हितकारक आहेत, म्हणून बंद न करता घेण्याच्या वेळेबद्दल बोला. प्रोस्टेट मोठी असणाऱ्यांनी सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत, त्यांनी लघवी एकाएकी अडू शकते. रात्रीची लघवी कमी करणारे डेस्मोप्रेसिन नावाचे औषध आहे, पण वयस्कांत ते रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. पासष्टीच्या पुढे रक्ततपासणीशिवाय ते घेणे अयोग्य आहे. लघवीत रक्त दिसले, ताप-थंडी आली, लघवी अडून ओटीपोट फुगले, किंवा पाठ दुखत असताना पायांतली शक्ती कमी झाली, तर वही-मोजमाप बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रात्री उठताना तुम्ही पडू नये याची मला अधिक काळजी आहे. टॅम्सुलोसिन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही घेणाऱ्याचा रक्तदाब उभे राहिल्यावर पटकन उतरू शकतो. उठल्यावर पाय खाली सोडून मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा. लघवी बसून करा. मोरीपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा रात्रभर चालू ठेवा, ओली फरशी पुसून घ्या, आणि थंडीच्या रात्री पलंगाशेजारी युरिन पॉट ठेवायला लाजू नका. आणि पत्नीशी बोला. त्या दुसऱ्या खोलीत गेल्या याचे तुम्हाला वाईट वाटले हे पत्रातून कळते, पण तुमच्या झोपेबद्दल डॉक्टरांना सर्वांत उपयोगी माहिती त्याच देऊ शकतात. शक्य असेल तर पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात वही. ती घेऊन तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे जा आणि सूज, घोरणे, रात्रीचा रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) यांबद्दल बोला. त्यानंतर मूत्रविकारतज्ज्ञांना तीच वही दाखवून टॅम्सुलोसिन पुढे चालू ठेवायची का ते ठरवा. धार सुधारलेली असल्याने माझे मत चालू ठेवण्याकडे झुकते. मोतीबिंदूच्या डॉक्टरांना मात्र आजच फोन करून सांगा की तुम्ही आठ महिने टॅम्सुलोसिन घेत आहात. या औषधाने डोळ्यातली बुबुळाची पडदी सैल पडते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली अचानक आकसू शकते. आधी माहीत असेल तर डोळ्यांचे डॉक्टर त्याची तयारी ठेवतात आणि शस्त्रक्रिया नीट पार पडते. गोळी काही दिवस बंद ठेवल्याने हा परिणाम जाईलच असे नाही, म्हणून मनाने बंद करू नका, आणि कधी काळी घेतलेली असली तरी सांगायला विसरू नका.